इटॅलिक अक्षराचें मूळ व त्याचा उपयोग

छापील इंग्रजी पुस्तकांत मधूनमधून उजवीकडे किंचित् कललेलें, सडपातळ व नाजूक वळणाचें जें अक्षर दिसतें त्यास इटॅलिक म्हणतात. एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा असला, ग्रंथाचें नांव द्यावयाचें असलें अथवा परभाषेंतील शब्द योजावयाचा असला म्हणजे हें अक्षर वापरतात, एवढें शाळेंत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु एवढ्याच ज्ञानाच्या भरंवशावर दोनतीनशें वर्षांपूर्वींचें छापील पुस्तक पुरावा म्हणून हातीं घेतलें तर फसगत होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाची ती एकदां झाली. जॉन फ्रायर याचें हिंदुस्थान व इराण येथील प्रवासाचें पुस्तक इ. स. १६९८ सालीं लंडन येथें छापलें गेलें. हेन्री ऑक्झिंडेन हा इ. स. १६७४ सालीं इंग्रजांचा वकील म्हणून रायगडास गेला होता. त्या वकिलातीची हकीकत त्यांत असल्यामुळें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तें परिचित आहे. त्यांत शिवाजी महाराजांचें नांव इटॅलिक अक्षरांत पाहून, ग्रंथकारानें तें मुद्दाम उठावदार छापविलें अशी नोंद टिपणांत करून ठेविली. चार पानें पुढें वाचतां कळलें कीं, गांवांचीं, माणसांचीं व देशांचीं नांवें सर्वत्र तशींच छापलेलीं आहेत. तो त्या काळच्या लंडनच्या छापखान्यांचा सर्वसाधारण रिवाज होता. ग्रंथकाराच्या मनोभावाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. टिपण अर्थातच रद्द करावें लागलें. पण अक्षराच्या वळणासही इतिहास असतो, व तो माहीत नसला तर पुराव्याचा अर्थ चुकतो, ही गोष्ट मनांत राहिली. त्या इतिहासाची ठळक हकीकत येथें देण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. हें अक्षर जन्मास आलें तें जोर दाखविण्यासाठीं नव्हे, आणि तिरपेपणा हें त्याचें मुख्य लक्षणही नव्हे. तें मुळांत हातानें भरभर लिहिण्याचें वळण होय. आपणांकडे बाळबोध व मोडी असा जो भेद होता, तो डोळ्यांपुढें आणला म्हणजे ही गोष्ट चटकन् समजेल. पोथी लिहावयाची ती सुटें, ठाशीव बाळबोध अक्षर काढून. पत्रें, हिशेब, फडावरचे कागद लिहावयाचे ते हात शक्य तितका न उचलतां मोडींत. पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरेन्स शहरांतील विद्वानांपुढें असाच प्रश्न होता. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या शोधांत फिरणाऱ्या पोज्जो ब्राच्चोलिनी यानें गॉथिक अक्षराचा कंटाळा येऊन नवव्या ते बाराव्या शतकांतील पोथ्यांचें गोल व स्वच्छ वळण पुनः प्रचारांत आणलें. त्यावरून पुढें रोमन खिळे निघाले. त्याचा स्नेही निक्कोलो निक्कोली हा ग्रंथसंग्राहक होता. नकला स्वतः करी व पुष्कळ करी. त्याला तें सुटें अक्षर सावकाशीचें वाटलें असावें. त्यानें त्याच वळणास वेग दिला. त्यामुळें अक्षरें अरुंद झालीं, एकमेकांस जुळलीं आणि हाताच्या ओघानें किंचित् कललीं. हा कल परिणाम होता, हेतु नव्हता. अशा रीतीनें एकाच वर्णमालेचें एक शांत व एक धांवतें अशीं दोन वळणें विद्वानांच्या हातांत आलीं. इटालियन लोक या दुसऱ्यास अद्यापि ‘कॉर्सिव्हो’, म्हणजे धांवतें, असेंच म्हणतात. इटॅलिक हें नांव बाहेरच्यांनीं, तें इटलींतून आलें म्हणून, दिलें.

हें धांवतें वळण धातूंत उतरविण्याचा मान व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मॅन्युशिअस याच्या छापखान्याकडे जातो. आल्डस हा मूळचा शिक्षक व ग्रीक भाषेचा पंडित. मुद्रणाच्या धंद्यांत तो वयाच्या चाळिशीनंतर पडला. त्याचे पोलादी ठसे कोरणारा कारागीर बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. या खिळ्यांचा पहिला मासला इ. स. १५०० सालीं छापलेल्या, सिएना येथील संत कॅथरिनच्या पत्रसंग्रहांत सांपडतो. तोही मजकुरांत नव्हे, तर तिच्या चित्रांत. संताच्या हातांतील पुस्तकावर व हृदयावर कांहीं थोडे शब्द या अक्षरांत आहेत. संपूर्ण पुस्तक या अक्षरांत निघालें तें पुढील सालीं, एप्रिल १५०१ मध्यें, आणि तें व्हर्जिलचें काव्य होय. मागोमाग होरेस, पेत्रार्क वगैरे कवि निघाले व १५०२ सालीं दान्ते निघाला. हीं सर्व पुस्तकें अष्टपत्री, म्हणजे छापील तावाच्या तीन घड्या घालून आठ पानें करावयाचीं, अशा लहान आकाराचीं होतीं. प्राचीन कवींचे ग्रंथ तोंपर्यंत बहुधा मोठ्या आकारांत, भल्याथोरल्या टीकेनें वेढलेले असे निघत. आल्डसनें टीका काढून टाकली आणि नुसती संहिता हातांत मावेल अशी दिली.

हा लहान आकार त्याला कोठून सुचला, याचा त्याच्याच लेखणींतला पुरावा आहे. इ. स. १५१४ च्या व्हर्जिलची अर्पणपत्रिका पिएत्रो बेंबो यास उद्देशून आहे, व तींत हा लहान आकार आपण बेंबोच्या वडिलांच्या ग्रंथसंग्रहावरून घेतला असें आल्डस सांगतो. श्रीमंत सरदारांच्या घरीं काव्याच्या अशा लहान, धांवत्या वळणाच्या सुंदर पोथ्या असत. पादुआचा बार्तोलोमेओ सान्व्हितो हा त्या वळणाचा नामांकित लेखक. ग्रिफोच्या अक्षराचा कित्ता त्याच्या हाताशीं सर्वांत जवळचा दिसतो असें कित्येक संशोधकांचें मत आहे, तर कांहीं जण खुद्द आल्डसच्या हस्ताक्षराकडे बोट दाखवितात. होरेसची प्रत आल्डसनें मारिनो सानुदो यास अर्पण केली आणि पुस्तक लहान असल्यामुळें राजकारणांतून सवड मिळेल तेव्हां तें वाचावें असें सुचविलें. हा सानुदो म्हणजे व्हेनिसच्या रोजनिशीचे अठ्ठावन्न खंड लिहून ठेवणारा बखरकार. त्याला सवड कितपत मिळाली असेल कोण जाणे!

येथें दोन प्रचलित समजुतींचा परामर्श घेणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, इटॅलिक अक्षर पेत्रार्क कवीच्या हस्ताक्षरावरून कोरलें. ही गोष्ट पुस्तकांमागून पुस्तकांत उतरली आहे, पण ती टिकत नाहीं. पेत्रार्क हा चौदाव्या शतकांतला; त्याचें हस्ताक्षर उपलब्ध आहे व तें गॉथिक धाटणीचें आहे. शिवाय हे खिळे व्हर्जिलसाठीं आधींच तयार झालेले होते. भ्रमाचें मूळ उघड आहे. १५०१ च्या पेत्रार्कची संहिता कवीच्या स्वहस्तलिखितावरून घेतली असें त्या पुस्तकांत म्हटलें आहे. संहितेविषयींचें तें विधान कोणीतरी अक्षरास लावलें, आणि पुढच्यांनीं मूळ न पाहतां त्याचीच री ओढली.

दुसरी समजूत अशी कीं, कागद वांचवून पुस्तकें स्वस्त करण्यासाठीं हें अरुंद अक्षर काढलें. हिच्यांत थोडें तथ्य वाटतें, पण हिशेब केला असतां तें उरत नाहीं. व्हर्जिलच्या कवितेचे सुमारें तेरा हजार चरण आहेत आणि आल्डसच्या पानावर तीस ओळी बसतात. एका ओळींत एक चरण. मग अक्षर रुंद असो वा अरुंद, पानें सव्वाचारशेंच्या आसपास लागणारच. अरुंद अक्षराचा फायदा एवढाच कीं, लांब षट्पदी चरण लहान पानावर न मोडतां एका ओळींत मावतो. हा लाभ वाचणाराच्या डोळ्यास आहे. मुद्रकाच्या थैलीस फारसा नाहीं. कागद खरोखर वांचला तो टीका गाळल्यामुळें. आल्डसच्या मनांत विद्वानांच्या खाजगी पोथीचें देखणेपण छापील पुस्तकांत आणावयाचें होतें, असेंच मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

आतां अक्षराच्या घडणीकडे वळूं. रोमन अक्षराचा उभा दांडा खालीं एका आडव्या बैठकीवर, दोन्ही बाजूंस सारख्या निघालेल्या टोंकांवर उभा असतो. या टोंकांस इंग्रजींत सेरिफ म्हणतात. दगडावर कोरलेल्या लेखाची ती आठवण आहे. इटॅलिकचें टोंक मात्र एकाच बाजूस असतें. लेखणी जेथून शिरली तेथें वर एक बारीक आंकडा आणि जेथून निघाली तेथें खालीं एक. ‘ए’ या पहिल्या लहान अक्षराचें वरचें छप्पर नाहींसें होऊन त्यास एकच पोट राहतें, ‘एफ्’चें शेपूट ओळीखालीं उतरतें. हे फरक नीट पाहिले म्हणजे कळून येतें कीं, रोमन अक्षर नुसतें वांकडें केल्यानें इटॅलिक होत नाहीं. ग्रिफोनें कॅपिटल अक्षरें तर उभींच ठेविलीं. तीं लहान, सरळ व रोमन धाटणीचीं असून प्रत्येक चरणाच्या आरंभीं थोडें अंतर सोडून बसविलेलीं आहेत. हातानें जुळलेलीं अक्षरें सुट्या खिळ्यांत दाखविण्यासाठीं त्यास साठांहून अधिक जोडखिळे कोरावे लागले. आपल्या जोडाक्षरांचा संसार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या कष्टाची कल्पना येईल. गोमंतकांत ख्रिस्तपुराणकर्ता फादर स्टीफन्स यानें इ. स. १६०८ मध्यें देशी लिपींत छपाई करण्याविषयीं लिहिलें, तेव्हां सुमारें सहाशें मातृका लागतील, उलट लॅटिनच्या चोवीस पुरतात, हीच अडचण सांगितली आहे. आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें मराठी पुराण अखेर रोमन लिपींतच छापलें गेलें. चोविसांच्या लिपीस हाताचा ओघ देतांना ग्रिफोला सहाशांच्या वाटेवर थोडें चालावें लागलें म्हणावयाचें!

या अक्षराचा मालक कोण, यावर लवकरच तंटा लागला. आल्डसनें मार्च १५०१ मध्यें व्हेनिसच्या सरकाराकडून दहा वर्षांचा मक्ता मिळविला. पुढें पोपची सनदही आणली. तरी फ्रान्सांत लिओं येथील मुद्रकांनीं नकली खिळे पाडून त्याचीं पुस्तकें हुबेहूब छापलीं. तेव्हां आल्डसनें १६ मार्च १५०३ रोजीं एक जाहीर इशारा छापला. खोट्या प्रतींत व्यंजनें स्वरांस जुळलेलीं नाहींत, कागदास दुर्गंधि येते, अमुक पानावर अमुक चूक आहे, अशी त्यानें तपशीलवार यादीच दिली. लिओंच्या मुद्रकांनीं ती यादी समोर ठेवून आपल्या चुका दुरुस्त केल्या असें सांगतात! दुसरा कलह घरांतला होता. व्हर्जिलच्या आरंभीं आल्डसनें तीन ओळींत ग्रिफोच्या कसबाचे आभार मानले आहेत. परंतु मक्ता आल्डसच्या नांवें असल्यामुळें ग्रिफोस स्वतः कोरलेलें अक्षर व्हेनिसच्या मुलखांत दुसऱ्या कोणास देतां येईना. तो व्हेनिस सोडून फानो येथें सोन्चिनो नांवाच्या मुद्रकाकडे गेला. सोन्चिनोनें १५०३ सालीं काढलेल्या पेत्रार्कची अर्पणपत्रिका सेझारे बोर्जिया यास लिहिली असून, हें धांवतें अक्षर शोधणारा ग्रिफोच होय, आल्डस नव्हे, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. प्रतिस्पर्ध्याचा पुरावा म्हणून तो थोडा बेतानें घ्यावा. तथापि ठसे ग्रिफोच्या हातचे होते याविषयीं आल्डसच्याच ओळींमुळें वाद राहत नाहीं. ग्रिफो पुढें बोलोन्यास परतला, तेथें जांवयाच्या खुनाचा आरोप त्याजवर आला, आणि त्यानंतर कागदपत्रांत त्याचा मागमूस लागत नाहीं.

सौंदर्याच्या दृष्टीनें मात्र ग्रिफोचें अक्षर शेवटचा शब्द नव्हे. माझ्या मतें तो मान रोमच्या लुदोविको आर्रिगी याच्या अक्षरास द्यावा. आर्रिगी हा पोपच्या दफ्तरांत पत्रें लिहिणारा लेखक. आपण चिटणिशी वळण म्हणतों तसें तेथील दफ्तरी वळण त्याच्या हातीं मुरलेलें होतें. १५२२ साल घातलेल्या आपल्या लहानशा पुस्तकांत त्यानें हें वळण लोकांस शिकविलें. प्रत्येक अक्षराचा आरंभ एक तर जाड आडव्या फराट्यानें अथवा बारीक तिरप्या रेघेनें होतो, असा त्याचा पहिलाच धडा आहे. १५२४ च्या सुमारास त्यानें स्वतःचा छापखाना घालून दफ्तरी वळणाचे खिळे पाडविले. त्यांतील उंच दांड्यांचीं टोकें वाऱ्यानें लवल्याप्रमाणें वळलेलीं आहेत, ओळींमधून भरपूर जागा सोडलेली आहे, आणि पान पाहतांच एखादें राजपत्र उलगडल्याचा भास होतो. १५२७ सालीं बादशाही फौजेनें रोम लुटलें, त्यानंतर आर्रिगीचें नांव ऐकूं येत नाहीं. त्याचे खिळे पुढें अंतोनिओ ब्लादो या मुद्रकानें वापरले. मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ १५३२ सालीं छापणारा तो हाच.

येथवर इटॅलिक हें स्वतंत्र अक्षर होतें. पुस्तकेंच्या पुस्तकें त्यांत निघत. परंतु धातूचा खिळा धांवत नाहीं. जुळाऱ्यास रोमन खिळा उचलण्यास जितका वेळ, तितकाच इटॅलिक उचलण्यास. ज्या वेगासाठीं हें वळण निघालें त्याचें प्रयोजन छापखान्यांत उरलें नव्हतें, आणि लांबलचक मजकूर वाचण्यास रोमन अधिक सुखाचें, असा अनुभव येत चालला. तरीही इटॅलिक मेलें नाहीं, कारण त्यास दुसरी चाकरी मिळाली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील रोबेर ग्रांजों वगैरे कारागीर रोमनच्या मापाशीं जुळणारें, कॅपिटलसुद्धां कललेलें असें इटॅलिक कोरूं लागले. दोन्ही खिळे एका ओळींत बसूं लागतांच, एकाच मजकुरांत दोन आवाज दाखविण्याचें साधन मुद्रकांच्या हातीं आलें. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, उतारे, काव्य हीं प्रथम या अक्षराकडे आलीं. मग सुटे शब्द.

या नव्या चाकरींतला आपल्या कामाचा प्रकार म्हणजे बायबलच्या भाषांतरांतील होय. हिब्रू वाक्यांत ‘आहे’ हें क्रियापद बहुधा अध्याहृत असतें. इंग्रजींत तें घातल्यावांचून भागत नाहीं. १५६० च्या जिनीव्हा बायबलांत मजकूर रोमन अक्षरांत असून भाषांतरकारांनीं पदरचे घातलेले शब्द इटॅलिकमध्यें छापले आहेत. म्हणजे येथें इटॅलिकचा अर्थ ‘हें मूळांत नाहीं’ असा आहे. जोर देण्याच्या अगदीं उलट! आपले संपादक तुटलेल्या कागदांतील अक्षरें कंसांत भरतात तीच ही शिस्त. १६११ च्या राजाज्ञेनें झालेल्या बायबलाची पहिली आवृत्ति गॉथिक अक्षरांत असल्यामुळें तेथें हेंच काम लहान रोमन अक्षराकडे आहे, आणि पुढच्या रोमन आवृत्त्यांत तें पुनः इटॅलिककडे आलें. नुसतें डोळ्यांनीं पाहणारा वाचक अशा शब्दांवर जोर देऊन वाचतो व अर्थाचा अनर्थ करितो. शेक्सपीअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहांत बोलणाऱ्या पात्रांचीं नांवें, रंगसूचना व विशेषनामें इटॅलिकमध्यें आहेत. फ्रायरचें पुस्तक याच परंपरेंतलें. तेव्हां जुन्या पुस्तकांतून उतारा घेतांना इटॅलिक शब्दाखालीं रेघ ओढून ठेवावी, आणि तिचा अर्थ त्या सालच्या रिवाजावरून व त्या पुस्तकांतील इतर स्थळांवरून ठरवावा. आपल्या भाषांतरांत ही खूण बहुधा गळून पडते, व तिजबरोबर मूळ कोणतें आणि भर कोणाची, हा भेदही कित्येकदां जातो.

पुढील दोन शतकांची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठीं सतराव्या शतकाच्या अखेरीस जें राजमुद्रणाचें अक्षर योजण्यांत आलें, त्याचे नकाशे विद्वानांच्या मंडळानें चौकटी आंखून काढविले, आणि इटॅलिकसाठीं तीच चौकट तिरपी केली. हातापासून हें अक्षर दुरावल्याची ती उघड खूण होय. विसाव्या शतकांत त्यावर पुनः विचार झाला. इंग्लंडांत स्टॅन्ले मॉरिसन यानें १९२६ सालीं असें मांडलें कीं, रोमनच्या जोडीस बसणारें इटॅलिक म्हणजे केवळ कललेलें रोमन असावें. युक्तिवाद चतुर आहे, पण त्याच दशकांत आर्रिगीचें वळण ब्लादो व आर्रिगी याच नांवांनीं नव्या खिळ्यांत अवतरलें, आणि १९२९ च्या बेंबो या रोमन खिळ्यास व्हेनिसच्या तालियेंते याच्या दफ्तरी वळणावरून घेतलेलें इटॅलिक जोडलें गेलें. एरिक गिलच्या जोआना या अक्षराचें इटॅलिक तर जेमतेम तीन अंश कललेलें आहे. तरी अरुंद बांधा व टोंकांची घडण यांवरून तें ओळखूं येतें.

मराठींत याच्या तोडीचें काय, असा प्रश्न साहजिक निघतो. हल्लीं यंत्राच्या एका कळीनें देवनागरी अक्षर तिरपें करितां येतें व वर्तमानपत्रांतून तें दिसतें. कांना कलतो, वरची रेघ आडवी ती आडवीच राहते, आणि शब्द धक्का लागल्यासारखा दिसतो. यामागें कोणाच्याही हाताचें वळण नाहीं. आमचें धांवतें अक्षर मोडी होतें, आणि तेंही धातूंत उतरलें होतें. कॅरीचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपूर येथें मोडी खिळ्यांनीं छापला गेला. परंतु एकाच ओळींत बाळबोधीच्या शेजारीं बसून दुसरा आवाज दाखविण्याचें काम मोडीस कोणी दिलें नाहीं. पुष्कळ अक्षरांचीं रूपें मुळांतच निराळीं पडल्यामुळें, बाळबोध जाणणारास मोडी स्वतंत्र शिकावी लागे; रोमन वाचणारास इटॅलिक शिकावें लागत नाहीं. मोडी खिळ्यांचा वेग छापखान्यांत गेला आणि खुणेची चाकरीही मिळाली नाहीं, म्हणून त्यांचें प्रयोजन संपलें. आपल्याकडे संपादकाचा शब्द वेगळा दाखविण्याचें काम कंस, अवतरणचिन्हें व ठळक खिळे यांजकडेच राहिलें.